मोहाच्या झाडाखाली अर्धा घंटा

चिचगावच्या तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडापाशी, गुणवंतरावांची जीप सकाळी साडेदहाला बंद पडली तेव्हा तिच्यात त्यांची मुलगी प्रेमिला हिला पाहायला आलेले पाहुणे बसले होते. मुलगी पाहून झाली होती, पोहे खाऊन झाले होते, आणि पाहुण्यांना नागभीडला अकराची गाडी धरायची होती.

मुलाचे वडील दादाजी पुढच्या सीटवर होते. वडस्याचा माणूस, अंगात नवा कोट, हातात नवी छत्री. त्यांनी थोडा वेळ तलावातल्या बदकांकडे पाहिले. मग गुणवंतरावांकडे पाहिले.

"काय झालं जी?"

"काही नाही. थोडी थांबते."

"कायले थांबते?"

हा प्रश्न गुणवंतराव स्वतःला महिनाभर विचारत होते. उत्तर असते तर त्यांनी ते कोटाच्या खिशातून काढून दादाजींच्या हातावर ठेवले असते. ते नुसतेच हसले आणि मागे वळून म्हणाले, "लटारू, गोटा लाव."

लटारू हा घरचा जुना गडी. तीस वर्षे या घरची बैलगाडी हाकलेला. जीपचे ब्रेक अर्धवटच लागत, म्हणून चढावावर ती थांबली की मागच्या चाकाला दगड लावणे हे त्याचे काम होते. तो दगड जीपमध्येच असे आणि लटारू तो मांडीवर घेऊन बसे. पण त्या दिवशी पाहुण्यांना घाई झाली होती. "आपण ढकलू," असे म्हणत दादाजी खाली उतरून मागे गेलेसुद्धा. गुणवंतरावांनी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी छत्री खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि जोर लावला. जीप चढावर गेली नाही. ती हातभर मागे आली. लटारूने चपळाईने गोटा सरकवला म्हणून दादाजी वाचले, पण गोटा नेमका छत्रीवर बसला आणि गोट्यावर चाक.

अर्ध्या तासाने जीप आपोआप सुरू झाली. अकराची गाडी निघून गेली होती. पाहुणे संध्याकाळच्या गाडीपर्यंत नागभीडच्या फलाटावर बसून राहिले आणि त्यांच्याजवळ गुणवंतराव अपराध्यासारखे बसून राहिले. चार दिवसांनी वडस्याहून चिठ्ठी आली. मुलगी पसंत आहे, लग्न माघात करू. वरातीसाठी मात्र बैलगाडी ठेवावी.

चिठ्ठी रुखमाबाईंनी दोनदा वाचून घेतली. मग त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अजी, त्या मानसाची छत्री मोडली, गाडी हुकली, तरी त्यानं पोरगी पसंत केली. आता दिवाळीच्या आत तं त्या डब्ब्याले दुरुस्त करा, नाई तं इकून टाका."

"आधी रोग तं समजू दे," गुणवंतराव म्हणाले. "रोग समजल्याबिगर मानसाले कोनी मसनात नेते का?"

"मानूस रोज एकाच झाडाखाली मरत नाई."

आणि जीप खरोखरच रोज एकाच झाडाखाली मरत होती.

ती त्यांनी अट्ठेचाळीस साली नागपूरला लष्कराच्या लिलावात घेतली होती. बॉनेटवरचा पांढरा तारा अजून पुसट दिसे. मग तीन वर्षांनी गावचा सारा गोळा करायची मालगुजारी गेली. तिच्याबरोबर कचेरी गेली, दारातले जोहार-मुजरे गेले, तलाव गेला, आणि गुणवंतरावांकडे थोडी धानाची बांधी-शेती, मोठे घर आणि ही जीप उरली. जीप गावातून गेली की ओट्यावर बसलेली माणसे अजून उठून उभी राहत. मानाने उठत की धुळीमुळे, हे गुणवंतरावांनी कधी तपासून पाहिले नाही. तपासायची हिंमतच झाली नाही म्हणा. या जीपमधून त्यांनी अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या होत्या, आणि वाघाने फाडलेला एक माणूस जिवंत चांद्याला नेला होता. ती गेली तर आपण गावातले आणखी एक म्हातारे शेतकरी, एवढेच शिल्लक राहू, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ती विकायचे नाव निघाले की ते विषय बदलत.

त्यांनी बैल मात्र सहज विकले होते. मोऱ्या आणि बांड्या ही घरची शेवटची जोडी. "जीप असताना यांना बसून चारा कोण घालणार?" असे म्हणून त्यांनी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ती देऊन टाकली. लटारू दोन दिवस जेवला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने बैलांचा रिकामा कोठा झाडला, शेणाने सारवला आणि जीप आत आणून उभी केली. त्या वर्षीच्या पोळ्याला त्याने जीपलाच सजवले. दिव्यांना गेरू लावला, बॉनेटवर बेगड चिकटवली, पुढच्या पट्टीला घुंगरांची माळ बांधली. गावाला हसायला विषय झाला. गुणवंतरावही हसले. आदल्या संध्याकाळी ते पेपर वाचत असताना लटारूने येऊन गाडीबद्दल काहीबाही विचारले होते आणि पेपरातून डोके न काढता त्यांनी त्याला काहीबाही उत्तर दिले होते, तेवढाच त्यांचा त्या पोळ्याशी संबंध.

रोग शोधायला नागभीडहून इसरू मिस्त्री आला. इसरू तिथल्या धानगिरणीचे तेलाचे इंजिन चालवी. ज्याला चाक आहे आणि जे आवाज करते, ते आपल्या अखत्यारीत येते असे त्याचे मत होते.

"कोठ्यात पाहून काही समजनार नाई," तो म्हणाला. "जिथी बंद पडते तिथी चला."

तिघे निघाले. पाळीचा चढाव आला, मोहाचे झाड आले, जीप दोनदा खोकली आणि थांबली. लटारूने न सांगता गोटा लावला.

"पेट्रोल हाये का?" इसरूने पहिला प्रश्न विचारला.

गुणवंतरावांना हा प्रश्न थोडा अपमानाचा वाटला. तरी त्यांनी आपली सीट उचलली. या जीपची टाकी चालवणाऱ्याच्या बुडाखालीच होती. पेट्रोल डब्यांतून आणावे लागे, म्हणून ते टाकी कधी भरत नसत. स्टेशनाला जाऊन येण्यापुरते घालायचे आणि बांबूच्या काडीने मोजायचे. त्यांनी काडी आत बुडवून काढली. चार बोटे ओली होती. टोकाला काहीतरी काळपट चिकटले होते, ते त्यांनी धोतराला पुसले.

"हे पाहा. पेट्रोल आहे."

"मंग पिलग," इसरू म्हणाला.

त्याने चारही प्लग काढले, घासले, फुंकले, परत बसवले. अर्धा तास गेला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. इसरूने हात पुसत म्हटले, "कचरा होता." गुणवंतरावांनी त्याला आनंदाने नागभीडपर्यंत पोचवले. येताना चढाचा उतार झाला होता आणि जीप ऐटीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती मोहाखाली बंद पडली.

इसरू पुन्हा आला. या वेळी त्याने कार्ब्युरेटर खोलला, झाडाखाली फडक्यावर त्याचे तुकडे मांडले, एकेका भोकात फुंकर घातली आणि अर्ध्या तासात सगळे जागच्या जागी बसवले. जीप सुरू झाली. "आता दहा वर्स पाहा लागत नाई," तो म्हणाला. दोन दिवसांनी ती मोहाखाली बंद पडली.

मग इसरूच्या जोडीला रुखमाबाई स्वतः आल्या. त्या झाडाच्या बुंध्याशी एक पाऊलवाटेचा देव होता. जाणारा येणारा तिथे एक डहाळी टाकी, त्यांचा ढीग साचला होता. "बैलगाडीतून जाताना आपन उतरून डाहाळी टाकत होतो," त्या म्हणाल्या. "जीपमधून कोन उतरते? देव रागावला असन." त्यांनी अंघोळ करून आणलेला नारळ फोडला, ओटी भरली, झाडाला पाच फेऱ्या घातल्या, शेरणीचा प्रसाद वाटला. तोवर अर्धा तास झाला होता. जीप सुरू झाली. रुखमाबाईंनी इसरूकडे असे पाहिले की त्याने मान खाली घातली. पण पुढच्या सोमवारी देवाला डहाळी टाकूनही जीप थांबली, तेव्हा त्या देवाला काही बोलल्या नाहीत. त्या नवऱ्याला बोलल्या.

लटारूचे मत पहिल्या दिवसापासून एकच होते.

"थकते जी ते. चढाव हाये. अर्धा घंटा बसू द्या, मंग जाते."

"अरे, ते मशीन आहे. मशीन थकत नसते."

"मंग घरी वापस येताना काऊन नाई थांबत? बैल बी घराकडं येताना पयतेच."

हे मत अडाणी होते, पण अडचण अशी की सगळ्या मतांमध्ये तेच खरे निघत होते. प्लग घासा, भोके फुंका, नारळ फोडा किंवा काहीच करू नका, जीपला अर्धा तास लागे आणि अर्धा तासच लागे. शेवटी गुणवंतरावांनी इलाज करणे सोडले. चढ आला की जीप थांबे, लटारू गोटा लावी, आणि दोघे झाडाखाली बसून राहत.

सुरुवातीला ते घड्याळाकडे पाहत बसत. मग एके दिवशी लटारूने तंबाखूची चंची पुढे केली. गुणवंतरावांनी इकडेतिकडे पाहिले, पाळीवर कोणी नव्हते, आणि त्यांनी चिमूट घेतली. मग बोलणे निघाले. लटारूने सांगितले, की तुमचे बाप याच झाडाखाली बसून ढिवरांच्या जाळ्यातली मासोळी मोजत आणि मोजताना हमखास चुकत. ती चूक ढिवरांच्याच फायद्याची असे आणि ते मुद्दाम चुकतात हे सगळ्यांना माहीत होते. गुणवंतरावांना माहीत नव्हते. एका दिवशी लटारू आपल्या बायकोबद्दल बोलला. भागीरथा चार वर्षांपूर्वी तापाने गेली होती. गुणवंतरावांनी तेव्हा एक पोते तांदूळ पाठवले होते आणि आपण केवढे केले असे त्यांना वाटले होते.

"तिले तुमच्या घरचा आंबाडीचा पाला आवडे," लटारू म्हणाला. "शेवटी शेवटी तेच मांगे. पन पावसाळा नव्हता."

तीस वर्षांत दोघे कधी एकमेकांशेजारी बसले नव्हते. बैलांच्या दमणीत लटारू पुढे आणि मालक मागे. जीपमध्ये मालक पुढे आणि लटारू मागे. एकमेकांची पाठ तेवढी त्यांना पाठ होती.

पण दिवाळी जवळ आली. इसरूने हात टेकले आणि हात टेकणारा माणूस देतो तसा मोठा निकाल दिला.

"मालक, मशीन म्हातारी झाली, आतून झिजली. बोअर गेला. नागपूरले नेऊन पुरं इंजन खोला लागन, आनि खोलल्यावर बसनच असं मी सांगत नाई."

रुखमाबाईंना एवढेच ऐकायचे होते. त्यांनी इसरूच्याच हातून तळोधीच्या सोमाजी ठेकेदाराला निरोप धाडला. सोमाजी जंगलातला बांबू तोडण्याचे ठेके घेई आणि त्याला जुनी जीप हवीच होती.

गुणवंतरावांनी विरोध केला नाही. त्यांच्या मनात एक साधा बेत शिजला होता. सोमाजीला जीपमध्ये बसवायचे आणि पाळीवर न्यायचे. मोहाखाली जीप थांबेल, सोमाजी वैतागेल, छत्री वगैरे काही मोडलेच तर उत्तम, आणि सौदा तिथेच फिसकटेल. मग रुखमाबाईंना सांगता येईल, की घेणाराच नाही तर मी काय करू. बंद पडणाऱ्या जीपवर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भरवसा ठेवला.

सोमाजी ठरल्या दिवशी सकाळीच आला. आडव्या बांध्याचा, बोलका माणूस. चहा झाला. गुणवंतराव सीटवर बसले, सोमाजी बाजूला, लटारू गोटा घेऊन मागे. जीप गावाबाहेर पडली आणि पाळीच्या चढाला लागली. गुणवंतरावांनी सवयीने कान टवकारले. पहिली खोकल्याची उबळ यायची जागा आली. उबळ आली नाही. त्यांनी वेग कमी केला. जीप कुरकुर न करता चढत राहिली. त्यांनी आणखी कमी केला. मोहाचे झाड आले, हळूहळू शेजारून गेले, आणि मागे पडले.

मागे लटारू गोटा मांडीवर घेऊन तसाच उठून अर्धा उभा राहिला होता.

"मालक, गेली जी," तो हळूच म्हणाला.

"काय गेलं?" सोमाजीने विचारले.

"झाड," गुणवंतराव म्हणाले.

जीप नागभीडला गेली, रेल्वेचे फाटक ओलांडून थोडी पुढे गेली आणि परत आली. कुठेही थांबली नाही. येताना पाळीवर गुणवंतरावांनीच ती थांबवली. त्यांना राहवेना.

"सोमाजी, खरं सांगतो. ही इथे बंद पडते."

"कुठी?"

"इथेच. या झाडाखाली. रोज."

"आज तं नाई पडली."

"आज नाही पडली. पण रोज पडते. अर्धा घंटा थांबते. मिस्त्री म्हणते बोअर गेला. तुम्ही घेऊ नका, फसाल."

सोमाजीने त्यांच्याकडे नीट पाहिले. आयुष्य खरेदीविक्रीत गेलेला माणूस तो. विकणारा वस्तूची स्तुती करतो, हे त्याने हजारदा पाहिले होते. विकणारा शपथेवर निंदा करतो आहे, म्हणजे वस्तू किती चांगली असली पाहिजे, याचा त्याने तिथल्या तिथे अंदाज बांधला.

"मालक, तुमचा जीव हाये हिच्यात, मले समजते," तो म्हणाला. "पन आता मी सोडत नाई."

घरी आल्यावर गुणवंतरावांना कारण कळले, निदान अर्धे. रुखमाबाईंनी पहाटे लटारूकडून दोन डबे पेट्रोल टाकीत ओतवले होते. टाकी काठोकाठ भरली होती. "इकायची वस्तू कोनी उपाशी दाखवते का?" त्या म्हणाल्या. भरल्या टाकीचा आणि न थांबण्याचा काय संबंध, हे त्यांनाही माहीत नव्हते आणि गुणवंतरावांनाही.

सौदा झाला. सोमाजीने जीपला नमस्कार केला आणि सीटवर बसला. लटारूने कोठ्यातून घुंगरांची माळ आणून पुढच्या पट्टीला बांधली. मग तो गोटा घेऊन आला.

"हे बी ठेवा जी. चढावावर लागते."

"माझ्या घरी गोट्याची कमी नाई, भाऊ."

जीप गेली. लटारू गोटा पोटाशी धरून बराच वेळ दारात उभा होता. मग तो त्याने कोठ्यात नेऊन, जिथे जीपचे मागचे चाक असे, तिथे ठेवला. गुणवंतराव दुपारी जेवले नाहीत. रुखमाबाईंनी दोनदा बोलावले, तिसऱ्यांदा बोलावले नाही. त्यांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या होत्या.

आठ दिवसांनी, सकाळच्या वेळी, घुंगरांचा आवाज आला आणि जीप दारात उभी राहिली. सोमाजी खाली उतरला. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट गंमत सांगायला दहा मैल आलेल्या माणसाचा आनंद होता. त्याने खिशातून कागदाची घडी काढली आणि ओट्यावर उघडली. आत एक पान होते. काळे पडलेले, कडेला फाटलेले, मधली शीर शाबूत असलेले पळसाचे पान.

"तुमी खरं बोलत होते, मालक. टाकी भरली होती तोवर पळाली. पेट्रोल खाली गेलं आन् तळोधीच्या घाटीत बंद पडली. अर्ध्या घंट्यानं सुरू. दुसऱ्या रोजी बी तेच. आपला ड्रायव्हर घनश्याम म्हणे, मशीनीत काही नाई, टाकी उतरवू. उतरवली, तं हे निघालं. चढावावर गाडी कलली का पान सरकते अन् नळीच्या तोंडावर बसते. पेट्रोल बंद. गाडी थांबली का पान हळूहळू सुटते, टाकी भरली का वर तरंगते. बस, एवढाच रोग. आता चांद्याले जाऊन आलो, कुठी थांबली नाई."

एका पानाने जीप नेली होती. गुणवंतरावांना इसरूचे प्लग आठवले, बोअर आठवला, धोतराला पुसलेली काडी आठवली. ती काडी पाच-सहा वेळा त्या पानाला भेटून आली होती.

"पन टाकीत पळसाचं पान गेलं कसं?" रुखमाबाई म्हणाल्या.

लटारू अंगणातून पुढे आला होता. तो पानावर वाकला. मग ओळखीचे माणूस भेटावे तसा त्याचा चेहरा खुलला.

"हे तं पोळ्याचं पान हाये."

"काय?"

"खांद शेकाचं. तुमाले माहीत हाये ना बाई, पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाची खांद शेकते. पळसाच्या पानावर गरम तूप अन् हळद घेऊन. वर्सभर जू वाहून खांदा सोलते, त्याले आराम पडते. मंग म्हनते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. औंदा बैल नव्हते. मंग मी म्हणलो, हे गाडी बी वर्सभर आपल्याले वाहून राह्यली. पन हिले खांदा कुठी? म्हणून मी मालकाले इचारलो."

"मला?" गुणवंतराव म्हणाले.

"हव जी. तुमी पेपर वाचून राह्यले होते. मी इचारलो, मालक, गाडीचा जोर कुठी असते? तुमी म्हणले, शिटाखाली, टाकीत."

गुणवंतरावांना ती संध्याकाळ आठवली. त्यांनी असेच सांगितले होते, आणि सांगताना त्यांना आपल्या यंत्रज्ञानाचा थोडा अभिमानही वाटला होता.

"मी शीट उचललो," लटारू म्हणाला, "टाकीचं तोंड चांगलं शेकलो. आवतन देलो. तवा पान हातातून आत पडलं."

"अन् तू दोन महिने बोलला नाहीस? झाडाखाली रोज बसत होतो आपण."

"कायले बोलू जी? तुमी बिघाड कशानं झाला ते शोधून राह्यले होते. गाडीले आजवर सगळ्यांनी पिटलं, ढकललं, खोललं. मायेनं केलेलं तेवढं एकच काम होतं. त्यानं बिघडन असं कोनाले वाटन?"

गुणवंतरावांना रागवायचे होते. रागवायला लटारूमध्ये काही सापडेना. सापडत होता तो एक पेपर वाचणारा माणूस, ज्याने बैल विकताना लटारूला विचारले नाही आणि लटारूने विचारले तेव्हा मान वर केली नाही. त्यांना फार वाईट वाटले.

"वापस मांगा ना जी," रुखमाबाई आतल्या दारातून हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मीच घाई केली."

गुणवंतरावांनी सोमाजीकडे पाहिले. सोमाजी भला माणूस होता, म्हणून तो आधीच अवघडला होता.

"मालक, दुसरं काही मांगा. जीप मांगू नका. बांबूचं काम सुरू झालं."

"बरं," गुणवंतराव म्हणाले. "हे पान ठेवून जा मग."

जीप परत गेली तेव्हा गुणवंतराव आणि लटारू कोठ्यापाशी उभे राहून ऐकत होते. घुंगरू गावाबाहेर पडले. आवाज पाळीच्या चढाला लागला. आवाज चढत गेला, झाडापाशी पोचला असेल, झाडापलीकडे गेला असेल, आणि मग ऐकू येईनासा झाला.

"थांबली नाई," लटारू म्हणाला. त्याच्या आवाजात थोडे दुःखच होते.

दिवाळी झाली. लग्न जवळ आले आणि वरातीसाठी बैलगाडी ठेवणे भागच होते. गुणवंतरावांनी या वेळी लटारूला बाजारात एकट्यालाच पाठवले आणि "तुला पटेल ती जोडी आण" एवढेच सांगितले. लटारूने दोन तांबडे गोऱ्हे आणले. अजून बिनरावलेले, जुवाला नवखे होते, पण पायांत जोर होता. कोठ्यामागे पडून असलेली दमणी बाहेर आली, तिला तेलपाणी झाले. लग्नपत्रिका वडस्याला पाठवायच्या म्हणून एके सकाळी दोघे नागभीडच्या स्टेशनाकडे निघाले. लटारू पुढे, मालक मागे.

तलावात पाणी शांत होते. धान कापून झाला होता. बैलांनी पाळीचा चढ बघता बघता मारला आणि मोहाचे झाड आले.

"थांबव," गुणवंतराव म्हणाले.

लटारूने कासरा ओढला. "काऊन जी? बैल थकले नाई."

"माहीत आहे."

लटारूने मागे वळून पाहिले. मग तो खाली उतरला, दमणीच्या तट्ट्याखालून गोटा काढला आणि चाकाला लावला. गोटा त्याने बरोबर का आणला होता, हे गुणवंतरावांनी विचारले नाही. देवाला दोन डहाळ्या टाकून दोघे झाडाखाली बसले, शेजारी शेजारी. चंची पुढे आली. गुणवंतरावांनी कोटाच्या खिशातून आंबाडीच्या वाळल्या पाल्याची पुडी काढून लटारूच्या मांडीवर ठेवली. लटारूने ती उघडून वास घेतला आणि परत बांधून कमरेला खोचली.

तेवढ्यात पलीकडून घुंगरांचा आवाज आला. सोमाजीची जीप चढ उतरून आली, दमणी पाहून थांबली, आणि सोमाजीने मान बाहेर काढली.

"काय झालं, मालक?"

"काही नाही," गुणवंतराव म्हणाले. "थोडी थांबते."